जाळ्याची शिवण

जाळीमावशीचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर लागायचा नाही. नवरा इस्त्रीवाला. घर म्हणजे एकच खोली आणि त्यातली अर्धी इस्त्रीच्या टेबलाने अडवलेली. टेबलाचा कोपरा कमरेत घुसू न देता मोरीपर्यंत जायचं, हे ती वीस वर्षं अंधारात करत आली होती. गेल्या सहा महिन्यांत एवढाच फरक पडला होता की दिवा लावला तरी ती तशीच चालायची, एक हात पुढे धरून.

हा फरक तिने कोणाला सांगितला नव्हता.

पावणेपाचला नाक्यावर जीप यायची. दिव्यांभोवती तिला मोठाली पांढरी वर्तुळं दिसायची. दोन वर्तुळं शेजारी शेजारी आणि खालून घरघर, म्हणजे जीप. मग ती हात करायची. एकदा तिने दुधाच्या गाडीला हात केला होता. तेव्हापासून ती आवाज नीट ऐकल्याशिवाय हात वर करत नसे.

"जाळीमावशी, चढा! नदी वाट बघतेय," ड्रायव्हर म्हणायचा. हे नाव त्यानेच ठेवलेलं.

पुढे मॅडम बसलेल्या असायच्या, मांडीवर वही. नदीची आणि अभयारण्याची पाहणी त्यांच्या हाताखाली चालायची. नदीतले बारीक जीव मोजायचे, अभयारण्यातली झाडं-गवतं मोजायची, तिथली माती खणून तपासायची. हंगामी काम. प्रत्येक हंगामाच्या शेवटी पुढच्या हंगामाची माणसांची यादी निघायची आणि मावशीचं नाव त्यात चार वर्षं होतं. मजुरी थेट बँकेत जमा व्हायची. तिला तिने हात लावला नव्हता. घराबाहेर पत्र्याची शेड घालायची, टेबल तिकडे न्यायचं आणि नवऱ्याच्या इस्त्रीची वाफ रात्रंदिवस छातीत घ्यायचं थांबवायचं, एवढा एक विचार त्या पैशांमागे होता. अजून हा हंगाम आणि पुढचा, की शेड उभी.

म्हणून डोळ्यांचं कोणाला कळून चालणार नव्हतं. आंधळं माणूस जीव मोजायला कोण ठेवतो?

नदीचं काम सांगायला सोपं, करायला नाही. काठावर सात जागा ठरलेल्या होत्या. पहिल्या पाच शहराच्या वरच्या अंगाला. सहावी, रंगाच्या कारखान्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या लगेच खाली. सातवी अभयारण्याच्या पाणथळीत, जिथे पक्षी उतरतात. वाळूच्या गाड्या नदी ओलांडून तळ ढवळायच्या आत पहिली जागा उरकायची, म्हणून पहाटेची घाई.

मावशी गुडघाभर पाण्यात उतरायची. समोर, वाहत्या बाजूला जाळं धरायचं आणि त्याच्या तोंडाशी पायाने दगड हलवायचे. तीन मिनिटं, थांबायचं नाही. दगडाखालचे जीव सुटतात, पाण्याबरोबर जाळ्यात येतात. तीन मिनिटं म्हणजे किती हे ज्याने थंड पाण्यात दगड लाथाडले आहेत त्यालाच माहीत. दुसऱ्या मिनिटाला पाय आपला राहत नाही. मावशी कधी अडीचवर थांबली नाही.

जाळ्यात आलेलं सगळं, गाळासकट, बरणीत. वर कुजू नये म्हणून औषध. मग जाळं उलटं करून प्रवाहात तीनदा खळबळायचं, शिवणीवरून बोट फिरवायचं, आभाळासमोर धरून बघायचं. एका जागेचा जीव दुसऱ्या जागेच्या बरणीत गेला की सगळं काम मातीत.

"जाळं धुतलं?" मॅडम विचारायच्या.

"धुतलं."

मॅडम वहीत खूण करायच्या. खूण मॅडमची, शब्द मावशीचा.

जिवांची शास्त्रातली नावं मॅडमना ठाऊक. जीपमधली नावं वेगळी होती. तीन शेपट्यांचा चपटा किडा तो तीनशेपट्या. तो स्वच्छ पाण्यातच जगतो. खड्यांचं घर पाठीवर घेऊन फिरते ती घरवाली. घाणीतही मजेत राहणारी लाल अळी ती लालदोरा. नाल्याखालच्या सहाव्या जागेवर आजवर लालदोऱ्यांखेरीज काही मिळालं नव्हतं.

त्या मंगळवारी मॅडमच्या खोलीत काय झालं ते मावशीला मोरीतून ऐकू आलं. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या, आतल्या मोरीत मावशी ट्रे घासत होती.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. मॅडम असं सहसा म्हणत नसत. "मावशी, इकडे या. सहावरचा काल आणलेला माल. सांगा काय निघालं."

"लालदोरे."

"तीनशेपट्ये! चार! नाल्याच्या खाली!"

ड्रायव्हर दारात चहाचे पेले घेऊन उभा होता. "म्हणजे कारखान्याचं ते नवं यंत्र खरंच पाणी साफ करतंय की काय?"

"दिसतंय तर तसंच," मॅडम म्हणाल्या. "मागच्या फेऱ्यात एकही नव्हता. सातवर अजून पोचले नाहीत, पण पोचतील. शुक्रवारच्या बैठकीत हेच विचारणार आहेत मला. यंत्र चालतं म्हटलं की त्यांना नाल्यात दुप्पट पाणी सोडायची परवानगी मिळेल. मला वाटलं होतं आपण नाहीच म्हणणार."

"बघा मावशी, तुमच्या लाथांनी नदी सुधारली," ड्रायव्हर म्हणाला.

मावशी हसली. ओल्या हातातला ट्रे तिने जपून खाली ठेवला.

काल सकाळी पाचव्या जागेवर तीनशेपट्ये मुठीमुठीने आले होते. पाचनंतर सहा. मधे अर्धा तास. जाळं तिने तीनदा खळबळलं होतं, हे नक्की. बोट फिरवलं होतं, तेही नक्की. पण बोटं गारठून लाकूड झाली होती. मग जाळं आभाळासमोर धरलं होतं. आणि काय दिसलं होतं? पांढरं. तिला आभाळासमोर काहीही धरलं तरी पांढरंच दिसायचं. तरी ती म्हणाली होती, धुतलं.

रात्री तिला जेवण गेलं नाही. "पोट बिघडलंय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"चार दिवस बिघडणार आहे की दोन?" इस्त्रीवाल्याने विचारलं. "त्या हिशोबाने डाळ भिजवतो."

तो असाच बोलायचा, नजर कपड्यावर ठेवून.

बुधवार अभयारण्याचा. मीटरभर लांबीरुंदीची लोखंडी चौकट गवतात टाकायची आणि तिच्या आत किती जातींची रोपं, किती संख्येनं, ते मोजायचं. चौकटीशेजारी खड्डा खणून मातीचे थर पाहायचे. खणणं मावशीचं. ती पहार अशी मारायची की खड्ड्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या राहायच्या. ड्रायव्हरने एकदा हौसेने पहार घेतली होती आणि दहा घावांत परत दिली होती.

आज पहार नीट पडत होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. चार तीनशेपट्ये. मॅडम शुक्रवारी बैठकीत उभ्या राहतील, यंत्र चालतं म्हणतील. नाल्यात दुप्पट पाणी येईल आणि ते याच पाणथळीत शिरेल, जिच्या काठावर ती आत्ता खणत होती. आणि ते जीव खरेच सहाव्या जागेचे असतील तर? मग उगाच तोंड उघडून स्वतःच्या पायावर पहार मारून घ्यायची का?

"मावशी, त्या कोपऱ्यात पिवळी फुलं किती?" मॅडम वहीतून मान न काढता म्हणाल्या.

मावशीला कोपरा दिसत होता. पिवळं काही दिसत नव्हतं. ती गुडघ्यावर बसली, हाताने गवत बाजूला करत एकेक देठ चाचपला. कातरलेली पानं, चिकट देठ, टोकाला मऊ बोंड. "चार. एक अजून उमललेलं नाही."

"आज फुलांना गोंजारायचं ठरवलंय वाटतं," ड्रायव्हर म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. क्षणभरच. मावशी पटकन उठून खड्ड्याकडे वळली.

"माती सांगा," मॅडम म्हणाल्या.

इथे मावशीला डोळे लागत नव्हते. चिमूटभर माती तळहातावर घेऊन तिने थेंबभर पाणी घातलं, मळलं, अंगठ्याने दाबून तिची फीत काढली. फीत जितकी लांब निघेल तितकी माती चिकण. बोटभर निघाली आणि तुटली. "चिकण आहे, पण खाली पोयटा. वाळू नावाला. मागच्या वेळेपेक्षा करकर कमी लागतेय." प्रयोगशाळेतून आकडे येत ते याच्या जवळपासच येत. मॅडमनी निमूट लिहून घेतलं.

परत आल्यावर मॅडम अहवाल लिहायला बसल्या. मावशीने खिळ्यावरचं जाळं काढून आतल्या मोरीत नेलं आणि दाराला कडी लावली.

जाळं मागच्या फेऱ्याच्या शेवटी बुडालेल्या तारेला अडकून फाटलं होतं. नवं मागवायला महिना लागतो. म्हणून तिने ते घरी नेऊन शिवलं होतं. कापड दोनदा आत दुमडून, दुहेरी टाके घालून, परत फाटू नये म्हणून. आपल्या कामाचं तिला कौतुकही वाटलं होतं. आता तिने डोळे मिटले. गरम पाण्यात बोटं बुडवून ऊन केली आणि शिवणीवरून नख चालवलं. टाक्यावरून, टाक्यांमधून, मग दुमडीखालून.

नख आत गेलं.

टाके सरळ पडले नव्हते. दुमडीची एक कड सुटी राहिली होती आणि तिथे बोटाच्या पेराएवढा खिसा झाला होता, प्रवाहाच्या उलट्या तोंडाचा. तीनदा काय, तीसदा खळबळलं तरी त्यातलं बाहेर आलं नसतं. नखाला काहीतरी लागलं. तिने ते तळहातावर काढलं, खिडकीशी धरलं, डोळ्याला टेकेल इतकं जवळ आणलं. दिसलं नाही. मग जिभेच्या टोकावर घेतलं. केसासारखे काटे टोचले. एक, दोन, तीन.

ती मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. धुण्यात कसूर नव्हती. मेहनतीत कसूर नव्हती. जास्तीची मेहनत घेऊन तिने नदीला खोटं बोलायला लावलं होतं.

जाळं टोपलीत टाकून द्यावं, फाटलं म्हणावं, हा विचार आला नाही असं नाही. चांगला पाच मिनिटं तो तिच्या शेजारी बसला होता. मग मॅडमच्या लिहिण्याचा आवाज आला, टाइप करताना त्या बोटं आपटत. प्रत्येक टकटकीबरोबर एक ओळ पुढे जात होती. मावशीने कडी काढली.

"मॅडम, ते चार तीनशेपट्ये सहावरचे नाहीत."

टकटक थांबली. "म्हणजे?"

"पाचवरचे. जाळ्यातून आले. शिवणीत खिसा राहिलाय. हा बघा, अजून एक निघाला."

मॅडमनी जाळं दिव्याखाली धरलं. खिशात पेन्सिलीचं टोक घातलं. खाली दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते ऐकू येत होतं.

"शिवण कधी घातली?"

"पंधरवडा झाला."

"म्हणजे हा अख्खा फेरा." मॅडमचा आवाज चढला नाही, उतरला, आणि मावशीला तेच जास्त लागलं. "सातही बरण्या. मावशी, टाके बघा. एक इथे, एक तिथे. तुम्ही असं शिवता? मागच्या वर्षी माझी बॅग शिवली होती, ती अजून तशीच आहे."

मावशीने शिवणीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"सुई कोणी ओवली होती?"

"ह्यांनी ओवून दिली."

"का?"

आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती, आणि मावशीला खोटं बोलायचा कंटाळाही आला होता. "दिसत नाही मला. सहा महिने झाले. उजव्या डोळ्याला फक्त उजेड. डाव्याला दुधातून बघितल्यासारखं."

"आणि रोज मला सांगत होता, धुतलं."

"धुतलंच होतं मॅडम. बघितलं नव्हतं."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनं, लहान तोंडाचं, पण न फाटलेलं जाळं काढलं. "उद्या सहाव्या जागेवर परत जायचं. बाकीच्या सहा पुढच्या आठवड्यात. बैठकीत मी अख्खा फेरा रद्द झाला म्हणून सांगेन आणि बोलणी खाईन. पाण्यात मी उतरते."

"तुम्हाला तीन मिनिटं जमायची नाहीत," मावशी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला आपल्याच धाडसाची भीती वाटली.

"मग तुम्ही लाथा मारा. जाळं मी धरते. धुणंही माझं."

गुरुवारी जीप सरळ सहाव्या जागेकडे गेली. ड्रायव्हरला कळलं होतं. उतरताना त्याने न विचारता मावशीचा दंड धरला आणि तिला त्याचा राग आला, आणि तिने दंड सोडवला नाही.

सहाव्या जागेवर पाण्याला रंगाचा उग्र वास होता. तो सोमवारीही होता, पण सोमवारी ती वासाकडे लक्ष देत नव्हती. तिने दगड लाथाडायला सुरुवात केली. पहिल्या मिनिटात तिच्या मनात एकच गोष्ट होती: निघू देत एखादा तीनशेपट्या. एकच. म्हणजे नदी खरंच सुधारली असेल, आपली चूक चूक राहणार नाही, यादीतलं नाव राहील. दुसऱ्या मिनिटाला पाय बधिर झाला. तिसऱ्या मिनिटाला तिला लाज वाटली, की स्वतःच्या नावासाठी आपण नदीकडून साक्ष मागतोय. ती वेळ संपल्यावरही दहा-बारा लाथा जास्त मारत राहिली.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "जास्तीचंही चुकीचंच."

बरणी ऑफिसात नेईपर्यंत मॅडमना धीर नव्हता. त्यांनी काठावरच पांढऱ्या ट्रेमध्ये माल ओतला आणि चिमट्याने एकेक वेचायला लागल्या. मावशी शेजारी उकिडवी बसली. तिला ट्रे म्हणजे एक पांढरा चौकोन दिसत होता. ती मॅडमच्या श्वासाकडे कान लावून होती.

"लालदोरा. लालदोरा. लालदोरा. जळू. लालदोरा." अर्धा तास. मग चिमटा ट्रेच्या काठावर ठेवल्याचा आवाज. "दुसरं काही नाही."

"घरवाली?"

"नाही."

"तीनशेपट्या?"

"एकही नाही मावशी. यंत्र चालत नाही. किंवा चालवत नाहीत."

ड्रायव्हरने शेकोटीसाठी वाळकी पानं गोळा केली होती, ती त्याने उगाच पायाने पसरून टाकली. मावशीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. पाय शुद्धीवर येताना दुखतो, तेवढं दुखलं.

शुक्रवारी मॅडम बैठकीला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या, चपला हातात घेऊन, कारण एकीचा पट्टा तुटला होता. "दुप्पट पाणी नाही," त्या म्हणाल्या. "सध्या तरी. आधीच्या चार जिवांबद्दल विचारलं. मी सांगितलं, आमचं जाळं सदोष होतं, आमच्याच माणसाने दाखवून दिलं. एक जण म्हणाला, असं सांगणारं माणूस आम्हाला मिळालं नाही कधी."

"नाव सांगितलं माझं?"

"नाही. काम सांगितलं."

मग यादी. पुढच्या हंगामाची यादी मॅडमनी तिच्यासमोरच लिहिली आणि वाचून दाखवली. तिच्या नावापुढे 'माती' होतं. जाळं नव्हतं, चौकट नव्हती. मजुरी अर्ध्या दिवसांची. "डोळे करून घ्या," मॅडम म्हणाल्या. "मग जाळं तुमचंच. तोवर नाही. रागावू नका."

"रागावून काय करू? मीही नसतं दिलं," मावशी म्हणाली. जिना उतरताना तिने कठडा धरला. आता तो लपवून धरायची गरज नव्हती.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं एका दमात सांगितलं. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सुई ओवायला द्यायला लागलीस तेव्हाच. आधी तू मला सुईला हात लावू दिला असतास होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवायला एवढे कष्ट घेत होतीस. म्हटलं, वाया कशाला घालवायचे." मग जरा थांबून म्हणाला, "शेडचं राहू दे. इस्त्री आतच बरी. थंडीत घर ऊबदार राहतं."

"आणि तुमची छाती?"

"छाती माझी आहे. मी बघतो तिचं. तू तुझं बघ. म्हणजे, बघायला तर लाग."

डॉक्टरांनी मोतीबिंदू काढून आधी उजवा डोळा केला. आठ दिवसांनी पट्टी सुटली तेव्हा मावशी घरी आली, दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. भिंती वाफेने पिवळ्या पडल्या होत्या. नवऱ्याच्या कानाशी केस पांढरे झाले होते. ती सरळ ओट्याकडे गेली, एक पातेलं उचललं, फिरवलं, दुसरं उचललं. बुडाला काळा थर, कडेला शितं वाळून चिकटलेली. ती रोज दोनदा घासत होती ती भांडी.

"अहो, सहा महिने यात जेवताय तुम्ही?"

"चवीत काही फरक नव्हता," इस्त्रीवाला म्हणाला.

तिने पदर खोचला आणि सगळी भांडी परत घासली. मग पिशवीतून ते फाटलं जाळं काढलं, जे तिने मॅडमकडून मागून आणलं होतं. जुने टाके एकेक करून उसवले. सुई दिव्यासमोर धरली आणि स्वतः ओवली. पहिल्या खेपेला नाही, तिसऱ्या. शिवण सपाट घातली, दुमड न ठेवता, आणि तिच्यावरून आधी बोट फिरवलं, मग डोळा.

चार वर्षं दगड लाथाडून, खड्डे खणून जमवलेल्या मजुरीची पत्र्याची शेड झाली नाही. तिचा एक डोळा झाला. दुसऱ्यासाठी मातीचा अर्धा हंगाम अजून खणायचा होता.